वाणात दिलेली गाडी

नवी पेठ, सोलापूर
३ सप्टेंबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा जोतीरामजी सावंत यांस,
आण्णासाहेब काशीद याचा सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

इकडे सर्व क्षेम आहे. चादरीला सध्या उठाव नाही, पण टॉवेल खपतो, त्यामुळे दुकानाचं बरं चाललं आहे. फोनच करणार होतो. पण लग्नात बँडच्या गाण्यांवरून आपण दोघं फोनवर जे काही बोललो, त्यानंतर मध्यस्थ चनबसप्पांनी घालून दिलेला नियम मी मोडत नाही. व्याह्यांनी एकमेकांशी कागदावरच बोलावं, कागदावर आवाज चढत नाही, असं ते म्हणाले होते. आता मलाही ते पटलं आहे.

पत्रास कारण की, धोंड्याच्या महिन्यात आपण चि. पृथ्वीराजला जेवायला बोलावलंत आणि वाणात चक्क चारचाकी दिलीत. लोकांचे सासरे अनारसे देतात, बत्तासे देतात, फार तर चांदीचा दिवा. आपल्या वाणाची अख्ख्या पेठेत चर्चा झाली. गाडी आपण बारा वर्षं वापरलेली आहे हे मी कुणालाही सांगितलं नाही. लोकांनी बघूनच ओळखलं.

गाडीचा उपयोगही होतो आहे. पृथ्वीराजला चारचाकीत पुढे बसलं की मळमळतं, म्हणून तो चालवत नाही. त्याची बँक पायी जाण्याइतकी जवळ आहे. गाडी सूनबाई चालवतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायची त्यांची नोकरी आपल्याला ठाऊक आहेच. लग्न ठरताना मी म्हणालो होतो, अंधार पडल्यावर शेअर रिक्षातून उतरणारी सून आमच्या पेठेत शोभत नाही, स्वतःचं वाहन असेल तर खुशाल नोकरी करावी. आपण वाहन दिलंत, मी शब्द पाळला. गाडी आहे तोवर नोकरी आहे.

आता एक बारीकशी गोष्ट. तक्रार म्हणून नव्हे. वाणाची तक्रार करणं आणि वाण परत करणं या दोन्ही गोष्टी आमच्या घराण्यात झालेल्या नाहीत. गाडी सकाळी सुरू केली की मागून थोडा धूर येतो. थोडा म्हणजे समोरच्या सोनाराला दुकानाचं शटर पुन्हा खाली ओढावं लागतं, इतपत. आमच्याकडून निगराणीत काहीही कमी पडत नाही. दर शनिवारी मी स्वतः जातीनं लक्ष घालतो. आपल्याकडे असताना गाडीला ही सवय होती का, एवढंच विचारायचं होतं.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
आण्णासाहेब


वेळापूर
९ सप्टेंबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा आण्णासाहेब यांस,
जोतीराम सावंत याचा नमस्कार.

पत्र मिळालं. वाचून आनंद झाला आणि थोडं आश्चर्यही वाटलं. आमच्या दारात ही गाडी बारा वर्षं होती. तिच्यातून खताची पोती गेली, बियाणं गेलं, माझ्या दुकानाचा फलक टपावर बांधून गेला. बाजारला, लग्नाला, दवाखान्याला, सगळीकडे गेली. धूर कसला तो आम्ही पाहिला नाही. आमच्या घरून जाताना ती हसतखेळत गेली.

मी आपलं पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "गाडी कुटं धूर सोडती? शहरातली हवाच तसली हाय. त्या गाडीला कशाला नाव ठेवत्यात?" बायकांचं बोलणं आपण मनावर घेऊ नये, पण बजाबाईला शहराची हवा बऱ्यापैकी माहीत आहे, तिचं माहेर बार्शीचं.

माझा अंदाज, पेट्रोल. तुमच्याकडचं पेट्रोल तिला मानवत नसावं. जागा बदलली की माणसाचंही पोट बिघडतं. थोडे दिवस जाऊ द्या, रुळेल. जावईबापूंना मात्र माझा एक निरोप द्या, की ऑइल कधी कमी पडू देऊ नये. बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल.

आणि कृपा करून कुणा मिस्त्रीला इंजिन खोलू देऊ नका. वाणात दिलेल्या वस्तूचं पोट फाडणं मला बरं दिसत नाही. लोक म्हणतील, सासऱ्यानं मोडकी गाडी गळ्यात बांधली. मला चार गावांत तोंड दाखवायचं असतं.

उत्कर्षाला सांगा, नोकरीवर लक्ष दे. तिला लहानपणापासून कामाची हौस आहे.

आपला,
जोतीराम


नवी पेठ, सोलापूर
१७ सप्टेंबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

पेट्रोलबद्दलचं आपलं मत मी चहाच्या कट्ट्यावर सर्वांना सांगितलं. सर्वांनी ते ऐकून घेतलं.

आमच्या कट्ट्यावर विरेशअप्पा येतात. त्यांचा जन्म बसगाड्या दुरुस्त करण्यात गेला, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढरा असेल तर पाणी आत शिरतंय, आणि निळा असेल तर इंजिन ऑइल पितंय. तेव्हा सगळा निकाल रंगावर आहे. विरेशअप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यानं रंगाची जबाबदारी माझ्यावर आली, आणि ती योग्य माणसावर आली असं म्हणायला हरकत नाही. मी तीस वर्षं कापडच विकतो आहे.

एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, उन्हात आणि सावलीत, असा मी धूर पाहिला. दुकानातले नमुने काढून एकेक त्याच्याशेजारी धरून पाहिले. आकाशी नाही, मोरपंखी नाही, राखी तर मुळीच नाही. शेवटी जो अगदी जुळला त्या पॉपलीनचा तुकडा या पत्राला टाचून पाठवतो आहे. धूर या रंगाचा आहे. तुकडा पाण्यात घालू नका, रंगाची खात्री नाही.

हा रंग निळ्यात मोडतो असं माझं नम्र मत आहे. पुढचं आपण ठरवावं. आमच्याकडून कशातही हयगय नाही. उलट गाडीला आम्ही घरच्या माणसापेक्षा जास्त पाजतो, म्हणजे पेट्रोल वगैरे.

आपला,
आण्णासाहेब

ता. क. सूनबाईंनी बोनेट उघडून पाहायचं म्हटलं होतं. मी म्हणालो, घरात पुरुषमाणसं आहेत.


वेळापूर
२६ सप्टेंबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा यांस नमस्कार.

गौरी-गणपतीच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. तुकडा सुखरूप पोचला.

आमच्या दुकानासमोर दिग्विजय म्हणून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आहे. हाताखाली पंचक्रोशीतले ट्रॅक्टर असतात. त्याला मी तुकडा दाखवला. त्यानं तो उजेडात धरला, वास घेतला, बोटांत चोळला आणि म्हणाला, "मालक, ह्यो रंग रिंगाचा न्हाय. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ह्येच्यापेक्षा गडद येतो. ह्यो व्हॉल्वच्या सीलचा रंग हाय. सील म्हंजे लई किरकोळ काम." मी म्हणालो, गाडी न बघता एवढं कसं कळलं? तो म्हणाला, "तुमीच रंग दाखीवला की." माणूस हुशार आहे.

पण खरं सांगू का, मला तुकडा निळा वाटलाच नाही. मी दुकानातल्या सगळ्यांना विचारलं. कीटकनाशक घ्यायला आलेल्या लोकांनी तो राखाडी ठरवला. एकानं जांभळा म्हटलं, पण तो उधारीवाला होता, त्याचं धरलं नाही. राखाडी रंग विरेशअप्पांच्या यादीतच नाही. तेव्हा हा धूर नसून धुकं असण्याची शक्यता मला जास्त दिसते. सकाळी तुमच्याकडे धुकं पडत असेलच.

तरी नवरात्रात मी स्वतः येऊन पाहीन. उत्कर्षालाही भेटणं होईल. ती फोनवर हल्ली थोडंच बोलते. कारखान्यातून आली की दमत असेल.

आपला,
जोतीराम


नवी पेठ, सोलापूर
५ ऑक्टोबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरात सोलापुरात धुकं पडत नाही. ऑक्टोबरातही नाही. डिसेंबरात थोडं पडतं, तेव्हा कळवीन.

दिग्विजयचं निदान मी विरेशअप्पांना सांगितलं. त्यांना फार लागलं, त्यांच्या मते रिंगाच गेल्या आहेत. कट्ट्यावर आता रिंगवाले आणि सीलवाले असे दोन पक्ष पडले आहेत आणि चहाचे पैसे कोण देणार यावरून बोलणं वाढतं. शेवटी विरेशअप्पांनी एक परीक्षा सांगितली. गाडी सुरू करून धुराच्या नळीपाशी पांढरं कापड धरायचं. कोरडी काजळी बसली तर पेट्रोल, चिकट डाग पडला तर ऑइल. मी दुकानातला एक पांढराशुभ्र टॉवेल घेतला आणि स्वतः मागे बसून धरला. पृथ्वीराजला धरायला सांगितलं असतं, पण त्याला मागेही मळमळतं.

टॉवेलवर पडलेला डाग आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा म्हणून टॉवेल एसटीच्या पार्सलानं पाठवला आहे. बोट लावून पाहावं. मी त्यावर काहीच भाष्य करत नाही.

सूनबाई परवा उशिरा आल्या. गाडी सातरस्ता चौकात बंद पडली म्हणे, आतल्या प्लगला काजळी धरली होती. आम्ही सगळे जेवायचे थांबलो होतो. असं वारंवार झालं तर मला शब्दाचा विचार करावा लागेल. मी म्हणालो होतो, स्वतःचं वाहन. स्वतःचं वाहन म्हणजे चालणारं वाहन, असा त्याचा अर्थ कुणीही करील. गाडीच राहिली नाही तर नोकरीही राहत नाही, हे मी कठोरपणानं म्हणत नाही, फक्त ओघानं आलं म्हणून लिहिलं.

आपण नवरात्रात येताय हे उत्तम.

आपला,
आण्णासाहेब


वेळापूर
१३ ऑक्टोबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा यांस नमस्कार.

टॉवेल पोचला. पार्सल आलं तेव्हा मी माळशिरसला गेलो होतो. हिनं उघडलं. व्याह्यांनी मळका टॉवेल कशाला पाठवला हे तिला कळेना, पण शोभत नाही म्हणून तिनं तो धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून ठेवला. आता तो इतका स्वच्छ आहे की डागाबद्दल मला काही म्हणता येत नाही. टॉवेल मात्र चांगला आहे, पाणी पटकन टिपतो. अजून दोन असतील तर ठेवावेत, येताना घेईन.

सातरस्त्याचं वाचून काळजी वाटली. उत्कर्षाच्या नोकरीचं आपण लगेच काही ठरवू नये. तिला नुकतंच मोठं काम मिळालं आहे, परदेशी जाणारा माल तिच्या सहीशिवाय जात नाही, असं ती मागे म्हणाली होती. मी येतोच आहे. आल्यावर आपण शांतपणे बोलू. म्हणजे आपण बोलायचं नाही असं ठरलं आहे, तेव्हा शांतपणे बसू.

आपला,
जोतीराम


वेळापूर
२३ ऑक्टोबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा यांस नमस्कार.

शनिवारी आपल्याकडे झालेला पाहुणचार विसरणार नाही. शेंगापोळी फार छान होती. आपण दोघं दोन तास समोरासमोर बसलो आणि एक शब्दही वावगा गेला नाही, हे चनबसप्पांना कळवायला हवं.

गाडी मी नीट पाहिली. आपण दुकानात गेलात तेव्हा थोडा वेळ तिच्यापाशी एकटाच उभा होतो. जुनी सोबत, भरून आलं. इंजिनाचा आवाज मला तरी गोड वाटला. मी असेपर्यंत धूर दिसला नाही, हे आपणही मान्य कराल. त्या वेळी गाडी बंद होती हे खरं, पण तरीही.

आता माझ्या भेटीनंतर गाडी सुधारेल अशी मला खात्री वाटते. का, ते विचारू नका. मायेच्या माणसाचा हात फिरला की फरक पडतो.

उत्कर्षा वाळल्यासारखी वाटली. मला म्हणाली, "बाबा, आण्णांशी माझ्या नोकरीचं बोला ना." मी म्हणालो, आधी धुराचं मिटू दे.

आपला,
जोतीराम


नवी पेठ, सोलापूर
२८ ऑक्टोबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मायेचा हात फिरल्यापासून धूर दुप्पट झाला आहे.

दसऱ्याचं सांगतो. रिवाजाप्रमाणे गाडी धुतली, हार घातला, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. पेठेतले सगळे आपट्याची पानं घेऊन एकमेकांना भेटत होते. अशा वेळी पृथ्वीराजनं पूजेनंतर शास्त्र म्हणून गाडी सुरू केली. त्यानंतर कोण कुणाला सोनं देतंय हे कुणालाच दिसेना. समोरच्या सोनाराच्या आईनं माझ्या हातात पानं दिली आणि मला तिचे थोरले चिरंजीव समजून आशीर्वाद दिला. विरेशअप्पा म्हणाले, "आता मलाबी दिसतोय." मोतीबिंदू झालेल्या माणसाला दिसेल असा धूर म्हणजे आपण कल्पना करा.

आपल्या पिशवीत येताना एक डबा होता. जाताना तो रिकामा खडखडत होता असं आमच्या घरात म्हणतात. तूप असेल तर ते आम्हांला मिळालं नाही. असो.

मी चार दिवस विचार केला. दोष गाडीचा म्हणावा तर दात्याचा अपमान होतो, आणि वाणाला नाव ठेवल्याचं पाप आम्हांला लागतं. दोष आमच्या निगराणीचा म्हणावा तर तो आमचा अपमान, आणि तो खोटाही आहे. मग दोष कुणाचा? विचार करता करता मला असं दिसलं की दोष एमआयडीसीच्या रस्त्याचा आहे. खड्डे, जड वाहनं, रोजची ये-जा, यानं भल्या घरची गाडी खराब होणारच. तिकडे जाणंच बंद झालं तर धूर बंद होईल. आणि धूर बंद झाला की आपल्या दोघांत कुठलाच प्रश्न उरत नाही.

म्हणून सुचवतो, सूनबाईंनी दिवाळीनंतर नोकरी सोडावी. आमच्याच दुकानात गल्ल्याशेजारी बसावं, घरचंच काम आहे. गाडीला चांगलं कव्हर शिवून घेतो, आमच्याकडे कापडाला तोटा नाही. वर्षातून एकदा पूजेला काढू. आपलं वाण आमच्या दारात कायम राहील आणि आपलं नावही.

आपली लेखी संमती आली की मी घरात सांगतो.

आपला,
आण्णासाहेब


वेळापूर
२ नोव्हेंबर २०२३

सन्माननीय व्याहीबुवा यांस नमस्कार.

पत्र वाचून मनावरचं मोठं ओझं उतरलं. किती मोठ्या मनानं आपण विचार केलात. दोष रस्त्याचा आहे, हे इतके दिवस मला कसं सुचलं नाही. मी एकदा त्या रस्त्यानं गेलो आहे, खड्डे आहेत खरे.

आपल्या सूचनेला माझी संमती आहे. हिनं थोडी कुरकुर केली. "पोरीला इचारलं का?" म्हणाली. मी तिला समजावलं, की व्याह्यांनी आपलं नाव राखलं, आता आपण ताणू नये. उत्कर्षा समजूतदार आहे, लहानपणीसुद्धा एकदा सांगितलं की तिनं पुन्हा हट्ट धरला नाही.

कव्हरला शक्यतो पांढरा रंग नको.

डब्यात तूप नव्हतं.

आपला,
जोतीराम


सोलापूर
७ नोव्हेंबर २०२३

प्रिय बाबा,

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि आईकडे देता. तुम्ही दोघं दोन महिने पत्रं लिहिताय, मग मीही एक लिहिते.

गाडीतून आता धूर येत नाही. गाडीला कसलाही आजार नव्हता. रिंगा चांगल्या आहेत, सीलही चांगली आहेत. इंजिनात ऑइल जास्त झालं होतं. कमी नाही, जास्त. इतकं जास्त की आतला दांडा फिरताना ते घुसळून फेस होत होता, आणि वर चढून हवेच्या वाटेनं पेट्रोलबरोबर जळत होतं. तोच तो धूर, पॉपलीनच्या रंगाचा.

मला हे कळलं ते असं. घरासमोर गाडी उतारावर तिरकी उभी असते. तिथं ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली की ते नेहमी कमीच दिसतं. दसऱ्यानंतर मी कारखान्याच्या सपाट आवारात, दिवसभर उभी राहून थंड झालेल्या गाडीची पट्टी पाहिली. वरच्या खुणेच्याही पार वर ऑइल होतं. जी गाडी ऑइल पिते म्हणून सगळे बोलतात तिच्यात ते वाढतं कसं, हे मला कळेना. मग घरी येऊन एकेकाला विचारलं.

आण्णा दर शनिवारी मारुतीला तेल वाहून आले की गाडीतही ऑइल घालायचे. शनिवारी तेल विकत घ्यायचं नसतं म्हणून डबा शुक्रवारीच आणून ठेवायचे. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर वाणाची गाडी ऑइल पिते असं व्हायचं आणि तुमचा अपमान झाला असता. पृथ्वीराजही घालायचे, तुमचा निरोप होता म्हणून. त्यांनी आण्णांना सांगितलं नाही, कारण आण्णा म्हणाले असते, बघा, तिला लागतंच. आणि नवरात्रात तुम्ही आलात तेव्हा मी गच्चीवर कपडे काढत होते, बाबा. मला वरून सगळं दिसलं. तुम्ही डबा ओतलात आणि रुमालानं झाकण पुसलंत. मला वाटलं पाणी घालताय. तुम्हीही सांगितलं नाहीत, कारण सांगितलं असतं तर गाडीत खोट आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

तुम्ही तिघांनी एकमेकांचा मान राखायला एकाच इंजिनात तेल ओतलं. धूर वाढला की आणखी ओतलं. कट्ट्यावर रंग ठरवला, वेळापुरात तुकड्याचा वास घेतला, टॉवेल गावाला जाऊन धुऊन आला. पट्टी सपाट जागेवर ओढून बघावी असं कुणालाच वाटलं नाही. मी बघते म्हटलं तर घरात पुरुषमाणसं आहेत असं उत्तर मिळालं.

कारखान्यासमोर आसिफभाईंचं गॅरेज आहे. तिथं मी जास्तीचं ऑइल काढून घेतलं, प्लग साफ केले. दसऱ्यानंतर आण्णांनी रागानं शनिवारचं ओतणंही सोडलं होतं आणि पृथ्वीराजना मी थांबवलं, त्यामुळे पुन्हा भर पडली नाही. आधी दोन दिवस थोडा धूर आला, मग थांबला. आता आठवडा झाला, मी रोज सकाळी पेठेतून जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. मी सांगेपर्यंत घरात एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या नोकरीचा निकाल लागल्यापासून गाडीच्या मागे कुणी बघायलाच आलं नव्हतं.

हो, निकाल मला कळला. आण्णांनी तुमचं पत्र जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "आपल्या सूचनेला माझी संमती आहे" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मी भाकरी मोडत होते.

मी आण्णांना सगळं सांगितलं. ऑइलचं, पट्टीचं, धूर बंद झाल्याचं. ते गाडी बघायला खाली आलेसुद्धा. स्वतः मागे उभे राहिले, धूर नाही हे बघितलं. मग म्हणाले, "सूनबाई, गाडी बरी झाली, चांगलंच झालं. पण आता लिहून झालंय. तुमच्या वडलांनी संमती दिली हाय. ती मी मोडली तर त्यांचा अपमान हुईल." ते खोटं बोलत नव्हते, बाबा. त्यांना खरंच तुमच्या अपमानाची काळजी वाटत होती. पृथ्वीराज म्हणतात नोकरी सोडू नकोस, पण हे ते स्वयंपाकघरात म्हणतात.

मला राग आण्णांचा कमी आणि तुमचा जास्त आला आहे. ते माझे सासरे आहेत, त्यांनी सुरुवातीलाच अट घातली होती आणि ते अटीला धरून वागले. तुम्ही माझे वडील आहात. ही गाडी तुम्ही कुणासाठी दिलीत हे मला माहीत आहे. पृथ्वीराजना गाडीत बसवत नाही हे तुम्हांला साखरपुड्यातच कळलं होतं. तरी एवढ्या पत्रांत तुम्ही गाडीची बाजू घेतलीत, पेट्रोलची घेतलीत, धुक्याचीसुद्धा घेतलीत. माझी घ्यायची वेळ आली तेव्हा रस्त्यात खड्डे आहेत म्हणालात.

कारखान्याला सुट्टी पाडव्यापासून, म्हणून राजीनामा त्याआधी सोमवारीच द्यायचा असं इथं ठरलं आहे. मी अजून लिहिलेला नाही.

आईला नमस्कार.

उत्कर्षा


वेळापूर
१० नोव्हेंबर २०२३

आण्णासाहेब,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, दिवाळीच्या तोंडावर वेळेत पोचायचं नाही. माझ्या धाकट्या मुलाबरोबर पाठवतो आहे. तो तुमच्या हातात देईल आणि तुम्ही वाचेपर्यंत थांबेल.

मी २ तारखेला दिलेली संमती मागे घेतो. ती द्यायचा मला अधिकार नव्हता. उत्कर्षाला विचारलं नव्हतं. तिच्या आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट. गाडी मी जावईबापूंना दिली असं तुम्ही समजता, गाव समजतं, आणि मीही तसंच सांगत आलो. ते खरं नाही. गाडी मी माझ्या मुलीला दिली. तिनं कामावर जावं म्हणून दिली. मुलीला गाडी दिली असं म्हटलं असतं तर तुमच्या दारात तिला आणि मला ऐकून घ्यावं लागलं असतं, म्हणून धोंड्याच्या महिन्याचा आधार घेतला आणि जावयाच्या कपाळाला कुंकू लावलं. वाण चुकीच्या नावानं दिलं गेलं. त्याचा दोष लागत असेल तर तो मला लागू दे, मी बघून घेईन.

तुम्हांला माझ्या अपमानाची काळजी वाटते हे वाचून बरं वाटलं. ती सोडा. चार गावांत मी कसं तोंड दाखवतो ते माझं मी पाहीन. उत्कर्षासमोर तोंड दाखवता आलं पाहिजे, सध्या तेवढंच मला हवं आहे.

तुम्ही रागवाल. मध्यस्थांना बोलवाल. नियम मोडून फोनही कराल. करा. मी उचलीन आणि आवाज चढला तरी ठेवणार नाही.

सोमवारी उत्कर्षा कामावर जाईल. मी तुमची परवानगी मागत नाही, कळवतो आहे.

जोतीराम सावंत